मेर्सेदेस : मुक्तिधनातून घडलेले एक स्त्रीनाव

प्रस्तावना

'मेर्सेदेस' हे स्पॅनिश स्त्रीनाव मराठी वाचकाच्या कानांवर बहुधा 'मर्सिडीज' या उच्चाराने आणि एका जर्मन मोटारीच्या निमित्ताने पडलेले असते. ही मोटार रस्त्यावर येण्याच्या कितीतरी शतके आधी त्यामागचा शब्द भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर कैद्यांच्या सुटकेचे व्यवहार, मठांच्या पाट्या आणि राजांची दानपत्रे यांतून वावरत होता, आणि तेथूनच तो लहान मुलींच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला. नावांचे अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकांत या नावापुढे 'दया' किंवा 'कृपा' एवढेच लिहिलेले आढळते. तो अर्थ चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. माणसाच्या सुटकेसाठी मोजलेली किंमत आणि कोणतीही किंमत न घेता मिळालेली कृपा हे दोन्ही अर्थ या एका नावात एकत्र नांदतात, आणि ते एकत्र कसे आले हे समजल्याखेरीज नावाचा अर्थ समजला असे म्हणता येत नाही. पुढील विवेचनाचा रोख त्यावरच आहे.

प्रथम या नावाच्या घडणीविषयी. स्पेनमधील कॅथलिक समाजात येशूची आई मरिया हिची भक्ती तिच्या निरनिराळ्या अभिधानांनी केली जाते. ही अभिधाने कधी तिच्या जीवनातील एखाद्या प्रसंगावरून, कधी तिच्या एखाद्या गुणावरून, तर कधी तिच्या क्षेत्रावरून पडलेली असतात. सारागोसा येथील स्तंभावर प्रकट झालेली मरिया म्हणून 'पिलार', दुःख सोसणारी म्हणून 'दोलोरेस', पुत्राच्या मृत्यूनंतर एकाकी उरलेली म्हणून 'सोलेदाद', सांत्वन देणारी म्हणून 'कोन्सुएलो', जपमाळेची म्हणून 'रोसारियो', कार्मेल पर्वताची म्हणून 'कार्मेन'. मुलीचे नाव ठेवताना 'मारिया देल पिलार' किंवा 'मारिया दे लोस दोलोरेस' असे पूर्ण नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लिहिले जाई, आणि रोजच्या व्यवहारात 'मारिया' गळून अभिधान तेवढे उरे. आपल्याकडे मुलीला अन्नपूर्णा म्हटले जाते तेव्हा देवीचे विशेषण जसे सहजपणे घरातले नाव होऊन जाते, तसाच हा प्रकार आहे. 'मेर्सेदेस' म्हणजे मुळात 'मारिया दे लास मेर्सेदेस', अर्थात 'मेर्सेदांची मरिया'. या पद्धतीमुळे स्पॅनिश स्त्रीनामांत एक वेगळेपण आले आहे : 'पिलार', 'रोसारियो', 'कोन्सुएलो' हे शब्द व्याकरणाने पुल्लिंगी असूनही ती नावे स्त्रियांची आहेत, कारण त्या शब्दांमागे न उच्चारलेली 'मारिया' उभी असते. 'मेर्सेदेस' हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, पण तो अनेकवचनी आहे, आणि एकाच व्यक्तीला अनेकवचनी नाव लाभणे हेही याच पद्धतीचे फळ आहे.

उच्चाराविषयीही येथेच सांगितलेले बरे. स्पेनच्या बऱ्याच मोठ्या भागात या नावातील 'से' जिभेचे टोक दातांमध्ये आणून उच्चारला जातो, त्यामुळे तो 'थे'च्या जवळ जातो. अंदालुसियाच्या अनेक भागांत आणि लॅटिन अमेरिकेत मात्र तो सरळ 'से' असतो. प्रस्तुत लेखनात 'मेर्सेदेस' हेच रूप वापरले आहे.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि ते बाजारात आहे. 'मेर्क्स' म्हणजे विक्रीचा माल, आणि त्याच कुळातील 'मेर्केस' म्हणजे मजुरी, मोबदला, केलेल्या कामाचा दाम. सैनिकाचा पगार, शेतमजुराची रोजंदारी, भाड्यापोटी येणारे पैसे हे सारे अभिजात लॅटिनमध्ये 'मेर्केस' होते. ख्रिस्ती लेखनात या शब्दाची दिशा हळूहळू बदलली. ज्याला परतफेड करता येणार नाही अशा माणसावर उपकार केला तर त्याचा मोबदला स्वर्गात मिळतो, या शिकवणुकीमुळे 'मोबदला' हा शब्द आधी पारलौकिक फळासाठी आणि मग ते फळ मिळवून देणाऱ्या उपकारासाठी, म्हणजेच कृपेसाठी, वापरला जाऊ लागला. फ्रेंच भाषेत आभार मानण्यासाठी रोज उच्चारला जाणारा 'मेर्सी' आणि इंग्रजीतील 'मर्सी' हे त्याच शब्दाचे वंशज. स्पॅनिशमध्ये त्याचे रूप 'मेर्सेद' झाले, आणि त्याला मोठा मान प्राप्त झाला. दुसऱ्या माणसाला आदराने संबोधताना 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', असे म्हटले जाई. बोलण्याच्या ओघात झिजत झिजत त्याचेच 'उस्तेद' झाले, जे आजच्या स्पॅनिशमध्ये 'आपण' या अर्थाचे सर्वनाम आहे. राजाने दिलेल्या इनामालाही 'मेर्सेद' म्हणत. चौदाव्या शतकात सावत्र भावाला ठार करून कास्तीलचे सिंहासन मिळवणाऱ्या दुसऱ्या एन्रिकेने आपल्या पाठीराख्या सरदारांना इतकी इनामे वाटली की इतिहासात तो 'एल दे लास मेर्सेदेस', म्हणजे 'इनामांचा राजा', या उपनावाने ओळखला जातो. अर्थात त्याच्या उपनावातील 'मेर्सेदेस' आणि मुलीच्या नावातील 'मेर्सेदेस' एकाच कोशात बसत असले, तरी त्यांचे रस्ते वेगळे आहेत. मुलीच्या नावाचा रस्ता तेराव्या शतकातील बार्सेलोना शहरातून निघतो.

त्या काळी भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात ख्रिस्ती आणि मुसलमान राज्यांमधील सरहद्दीवर आणि समुद्रावर माणसे पकडणे हा नित्याचा उद्योग होता. किनाऱ्यावरील गावांवर छापे पडत, जहाजे लुटली जात, आणि पकडलेला माणूस एकतर गुलाम म्हणून राबवला जाई किंवा त्याच्या घरच्यांकडून मुक्तिधन, म्हणजे सुटकेसाठी मोजावी लागणारी रक्कम, वसूल केली जाई. दोन्ही धर्मांचे लोक दोन्ही बाजूंना बंदी होते, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण पुढच्या काळातील भक्तिपर लेखनात केवळ ख्रिस्ती बंद्यांचीच दुःखे उरली. सुटकेचे व्यवहार जुळवून आणणाऱ्या मध्यस्थाला स्पॅनिशमध्ये 'आल्फाकेके' म्हणत. हा शब्द बंधने सोडवणारा या अर्थाच्या अरबी 'अल्-फक्काक' या शब्दापासून आला असून, कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या कारकिर्दीत तयार झालेल्या 'सिएते पार्तिदास' या कायदेग्रंथात अशा मध्यस्थांची पात्रता आणि कर्तव्ये सांगितलेली आहेत. ज्या व्यवसायाला कायदा आणि नाव दोन्ही लाभतात, तो समाजात किती खोल रुजलेला असेल याची यावरून कल्पना येते.

अशा काळात पेरे नोलास्क, स्पॅनिशमध्ये पेद्रो नोलास्को, याने बंद्यांच्या सुटकेसाठी एक धर्मसंघ स्थापन केला. संघाच्या परंपरेनुसार मरियेने त्याला दर्शन देऊन ही आज्ञा केली, आणि 10 ऑगस्ट 1218 रोजी आरागोनचा राजा पहिला जाउमे याच्या उपस्थितीत बार्सेलोनाच्या कॅथीड्रलमध्ये संघाची स्थापना झाली. पोप नववा ग्रेगरी याने 1235 मध्ये त्याला मान्यता दिली. 'मेर्सेद'चा संघ म्हणून त्याचे सदस्य 'मेर्सेदारियो' ठरले, आणि ज्या मरियेच्या नावाने ते भिक्षा मागत ती 'मेर्सेद'ची, पुढे 'मेर्सेदां'ची मरिया झाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सर्वच कॅथलिक संघांत असतात. मेर्सेदारियो त्यांत चौथ्या व्रताची भर घालत : एखाद्या बंद्याची श्रद्धा डळमळण्याची वेळ आली आणि त्याच्यासाठी पैसे पुरले नाहीत, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. या एका व्रतात नावाचा सारा अर्थ येऊन बसतो. किंमत द्यावी लागणार हे त्यात गृहीत आहे, पण पैसा संपतो तेथे माणूस स्वतःला किंमत म्हणून पुढे करतो, आणि सुटणाऱ्या बंद्याच्या बाजूने पाहिले तर ती निव्वळ कृपा असते.

या व्यवहाराचा सर्वांत प्रसिद्ध दाखला सेर्वान्तेसच्या घरातला आहे. 'दोन किखोते'चा हा भावी कर्ता 1575 मध्ये इटलीहून मायदेशी परतत असताना भाऊ रोद्रिगो याच्यासह पकडला गेला आणि अल्जीयर्सला नेला गेला. त्याच्याजवळ ऑस्ट्रियाचा दोन हुआन याच्यासारख्या बड्या असामीची शिफारसपत्रे सापडल्यामुळे तो स्वतःही कोणी बडी असामी असावा अशी पकडणाऱ्यांची समजूत झाली, आणि त्याचे मुक्तिधन कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेले. मान वाढवण्यासाठी दिलेल्या पत्रांनी माणसाचा भाव वाढवून ठेवला. घरच्यांनी जमवलेल्या पैशांतून 1577 मध्ये मेर्सेदारियोंच्या मध्यस्थीने रोद्रिगोची सुटका झाली. मिगेलला मात्र 1580 पर्यंत वाट पाहावी लागली. शेवटी पाचशे एस्कुदो मोजून त्याला सोडवले ते त्रिनितारियो या दुसऱ्या संघाने, जो याच कामासाठी 1198 पासून झटत होता. दोन्ही संघ एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, पण मुलींच्या नावांत 'मेर्सेदेस'ने जी मजल मारली ती 'त्रिनिदाद'ला गाठता आली नाही.

मेर्सेदारियोंनी स्वतःची जी प्रतिमा जपली, ती फ्रान्सिस्को दे सुर्बारान या चित्रकाराच्या 1628 मधील 'संत सेरापियो' या चित्रात जवळून पाहायला मिळते. सेविल्यातील मेर्सेद मठात निधन पावलेल्या साधूंचे देह दफनापूर्वी ज्या दालनात ठेवले जात, त्या दालनासाठी हे चित्र काढले होते. आज ते अमेरिकेतील हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात आहे. सेरापियो हा संघाच्या परंपरेनुसार छळ सोसून हुतात्मा झालेला साधू. चित्रात जखम नाही, रक्त नाही, छळ करणारे कोणी नाहीत. काळोख्या पार्श्वभूमीवर दोन्ही मनगटे दोरांनी बांधलेला एक माणूस आहे, त्याची मान खांद्यावर कलंडली आहे, आणि चित्राचा बहुतेक भाग त्याच्या पांढऱ्या झग्याने व्यापलेला आहे. त्या झग्याच्या जड घड्यांवर छातीपाशी संघाची छोटीशी ढाल अडकवलेली आहे : वरच्या भागात तांबड्यावर पांढरा क्रूस, खाली आरागोनचे तांबडे-सोनेरी पट्टे. बाजूला त्याच्या नावाची कागदाची चिठ्ठी टाचलेली दिसते. सुर्बारानने कापड रंगवण्यात जे कौशल्य पणाला लावले आहे, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा त्या पांढऱ्या रंगावर स्थिरावते, आणि त्या देहाचे वजन त्या झग्याच्या लोंबण्यातून जाणवत राहते. या संघाविषयी शेकडो पाने वाचून जे हाती लागते, त्याहून अधिक या एका चित्रातून लागते.

संघाच्या वाढीबरोबर मरियेच्या या अभिधानाची ख्यातीही वाढली. 1687 मध्ये टोळधाडीने हैराण झालेल्या बार्सेलोनाने मेर्सेदच्या मरियेला शहराची संरक्षक मानले, आणि 1696 मध्ये तिचा 24 सप्टेंबरचा सण संपूर्ण कॅथलिक चर्चमध्ये पाळला जाऊ लागला. आज बार्सेलोनाचा सर्वांत मोठा नागरी उत्सव 'ला मेर्से' हा त्याच तारखेच्या आसपास होतो. रस्त्यांतून महाकाय पुतळे नाचवले जातात आणि माणसांवर माणसे चढून मनोरे रचले जातात, आणि दहीहंडीचे थर पाहिलेल्या मराठी प्रवाशाला ते मनोरे अगदीच परके वाटत नाहीत.

समुद्रापलीकडे या शब्दाचे दोन चेहरे दिसतात आणि दोन्हींची नोंद घेणे न्याय्य ठरेल. मेक्सिकोवर चालून गेलेल्या कोर्तेसच्या सैन्याबरोबर बार्तोलोमे दे ओल्मेदो हा मेर्सेदारियो साधू होता. बंदी सोडवण्यासाठी जन्मलेला संघ असा एका विजयमोहिमेचा सोबती झाला, आणि त्या मोहिमेनंतर मूळ रहिवाशांच्या भूमीवरील जमिनी ज्या राजाज्ञांनी वसाहतकर्त्यांना वाटल्या गेल्या त्यांनाही 'मेर्सेद'च म्हटले जाई. घेणाऱ्याला जी कृपा, ती गमावणाऱ्याला काय होती हे त्या कागदांवर लिहिलेले नाही. दुसरा चेहरा मात्र खालून वर आलेला आहे. क्यूबामध्ये गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी शुभ्र वस्त्रातील मेर्सेदेसच्या मरियेत आपला शुभ्रवर्णी देव ओबाताला पाहिला, आणि 24 सप्टेंबर हा त्याचाही दिवस झाला. दास्यातून सोडवणाऱ्या देवतेला प्रत्यक्ष दास्यात असलेल्यांनी आपलेसे केले. या नावाच्या इतिहासात याहून मोलाची घटना सापडणे कठीण आहे.

अर्जेंटिनातील तुकुमान येथे 24 सप्टेंबर 1812 रोजी मानुएल बेल्ग्रानोच्या सैन्याने स्पेनच्या राजपक्षीय फौजेचा पराभव केला. लढाई मेर्सेदच्या सणाच्या दिवशी झाली म्हणून बेल्ग्रानोने नंतरच्या मिरवणुकीत आपला सेनापतीचा दंड मरियेच्या मूर्तीच्या हाती दिला आणि तिला सैन्याची सेनानी मानले. त्याच तुकुमानमध्ये 1935 साली आयदे मेर्सेदेस सोसा हिचा जन्म झाला. पुढे 'मेर्सेदेस सोसा' या नावाने सबंध लॅटिन अमेरिकेत गाजलेल्या या लोकगायिकेला लष्करी राजवटीच्या काळात 1979 मध्ये देश सोडावा लागला आणि 1982 मध्ये ती परतली.

गोव्याशी या अभिधानाचा संबंध पोर्तुगीज वाटेने येतो. स्पॅनिश 'मेर्सेदेस' पोर्तुगीजमध्ये 'मेर्सेस' होते, आणि पोर्तुगीज उच्चारात शेवटचा 'स' 'श'कडे झुकतो. पणजीजवळील तिसवाडी तालुक्यातील मेरशी हे गाव तेथील 'नोसा सेन्योरा दास मेर्सेस' या चर्चमुळे याच नावाने ओळखले जाते. कोकणी-मराठी जिभेने तो 'श' जसाच्या तसा ठेवला. मेरशीच्या न्यायालयाच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे गाव आणि ती मोटार एकाच अभिधानाची अपत्ये आहेत हे ठाऊक असेल.

स्पेनमध्ये हे नाव घराघरांत पोहोचण्यामागे धर्माइतकाच एका राणीच्या अकाली मृत्यूचाही वाटा आहे. मारिया दे लास मेर्सेदेस दे ओर्लेआन्स हिचा जन्म 24 जून 1860 रोजी झाला आणि 23 जानेवारी 1878 रोजी तिचा विवाह तिचा मावसभाऊ, राजा बारावा आल्फोन्सो, याच्याशी झाला. राजघराण्यांतील विवाह राजकारणाने ठरत असताना हा प्रेमविवाह होता, आणि लोकांना त्याचे अप्रूप होते. पाच महिन्यांनी, 26 जून रोजी, आजाराने राणीचे निधन झाले. तिला अठरावे वर्ष पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. एका जुन्या लोकगीताच्या चालीवर तिच्याविषयीचे गाणे तयार झाले आणि ते पिढ्यानपिढ्या मुलींच्या फेर धरण्याच्या खेळांत टिकून राहिले. राजाने पुढे दुसरा विवाह केला, आणि 1880 मध्ये जन्मलेल्या पहिल्या मुलीचे नाव 'मारिया दे लास मेर्सेदेस' असे ठेवले गेले. अलीकडचा राजा हुआन कार्लोस याची आई, 1910 मध्ये जन्मलेली, हिचेही नाव तेच होते. एल एस्कोरियाल येथील राजसमाधीत राजांच्या मातांना जागा मिळते, आणि निपुत्रिक राणी मेर्सेदेसला ती मिळणे शक्य नव्हते. 2000 साली तिचे अवशेष माद्रिदच्या आल्मुदेना कॅथीड्रलमध्ये हलवण्यात आले.

फ्रान्समध्ये या नावाला 'स्पॅनिश नायिकेचे नाव' असा रंग चढला. आलेक्सांद्र द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या 1844 ते 1846 या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील मेर्सेदेस ही मार्सेयमध्ये राहणारी कातालान तरुणी, तर बिझेच्या 1875 मधील 'कार्मेन' या संगीतिकेत नायिकेच्या एका मैत्रिणीचे नाव मेर्सेदेस आहे. श्रद्धेचा संदर्भ सुटून केवळ नादासाठी नाव ठेवण्याची वाट येथे मोकळी झाली. व्हिएन्नातील प्रसिद्ध रब्बी आडोल्फ येलिनेक याचा मुलगा, उद्योजक एमिल येलिनेक, याने 1889 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव मेर्सेदेस ठेवले. ज्यू कुटुंबातील मुलीला मरियेचे अभिधान लाभले, एवढा तो शब्द तोपर्यंत आपल्या मुळापासून दूर आला होता. येलिनेकला हे नाव शुभ वाटे. नीस येथील मोटार शर्यतींत तो त्याच नावाने उतरे, आणि डायम्लर कंपनीकडून त्याने बनवून घेतलेल्या, विल्हेल्म मायबाख याने आखलेल्या 35 अश्वशक्तीच्या गाडीलाही त्याने तेच नाव दिले. 1901 च्या नीसच्या शर्यतींत त्या गाडीने बाजी मारली, 1902 मध्ये नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली, आणि 1903 मध्ये येलिनेकने स्वतःच्या आडनावाला मुलीचे नाव जोडून घेतले. 1926 मध्ये डायम्लर आणि बेंझ या कंपन्या एकत्र आल्यावर 'मर्सिडीज-बेंझ' हे जोडनाव रूढ झाले. त्या गाड्या 1990 च्या दशकापासून पुण्यात जोडल्या जातात आणि 2009 पासून त्यांचा कारखाना चाकणला आहे. जिच्या नावाने हे सारे घडले ती मेर्सेदेस येलिनेक 1929 मध्ये वयाच्या 39 व्या वर्षी व्हिएन्नात वारली. विक्रीच्या मालापासून निघालेला शब्द कृपेच्या वाटेने फिरून पुन्हा बाजारात आला हे खरे, पण या एका फेऱ्यावरून नावाचा सारा अर्थ ठरवणे त्या मुलीवर आणि तिच्यासारख्या लाखो नावधारी स्त्रियांवर अन्याय करणारे होईल.

त्या स्त्रियांपैकी दोघींचा उल्लेख येथे आवश्यक आहे. मेर्सेदेस फोर्मिका या वकील आणि लेखिकेने 1953 मध्ये 'आबेसे' या दैनिकात नवऱ्याच्या चाकूहल्ल्याला बळी पडलेल्या एका स्त्रीच्या निमित्ताने लेख लिहिला. घर कायद्याने नवऱ्याचे मानले जात असल्यामुळे विभक्त होऊ पाहणाऱ्या पत्नीलाच घराबाहेर पडावे लागे, हे त्या लेखाने उघड केले. त्यातून उठलेल्या चर्चेची परिणती 1958 मध्ये नागरी संहितेतील दुरुस्तीत झाली. दुसरी मेर्से रोदोरेदा, 'ला प्लासा देल दियामान' या 1962 मधील कादंबरीची कर्ती. तिचे 'मेर्से' हे नाव 'मेर्सेदेस'चेच कातालान, एकवचनी रूप आहे, आणि त्याला एक राजकीय इतिहास आहे. यादवी युद्धातील हुकूमशहा फ्रान्कोच्या विजयानंतर स्पेनच्या नागरी नोंदवह्यांत कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, रूपेच लिहिण्याची सक्ती झाली, त्यामुळे बार्सेलोनात जन्मलेली, घरात आणि चाळीत 'मेर्से' म्हणून हाक मारली जाणारी मुलगी कागदोपत्री 'मेर्सेदेस' असे. संघाचा जन्म ज्या शहरात झाला त्याच शहराच्या भाषेतील रूप असे दडपले गेले. 1977 च्या कायद्याने इतर भाषांतील नावांना वाट मोकळी करून दिली आणि अनेक स्त्रियांनी आपली कागदपत्रे बदलून घेतली.

घरगुती बोलण्यात स्पेनमध्ये 'मेर्चे' आणि 'मेर्सेदितास', तर लॅटिन अमेरिकेत 'मेचे' आणि 'मेचा' ही लाडकी रूपे प्रचलित आहेत. आजच्या स्पेनमध्ये हे नाव प्रामुख्याने वयस्क स्त्रियांचे आहे आणि नवजात मुलींना ते क्वचितच दिले जाते. अभिधान म्हणून मात्र ते आपल्या मूळ जागी कायम आहे : मेर्सेदची मरिया ही स्पेनच्या तुरुंगांची संरक्षक मानली जाते, आणि 24 सप्टेंबरला तुरुंगांत तिचा सण कैदी आणि कर्मचारी साजरा करतात.